माका वेगळाच वाटता

पोर चुकलं की टीचर खूश व्हायच्या. बरोबर उत्तर आलं तर "हूं" म्हणून पुढे, आणि चुकीचं आलं की हातातला खडू ठेवून थेट त्या पोराच्या बाकावर. त्याला सरकायला लावायच्या, शेजारी बसायच्या आणि विचारायच्या, "बरां, ह्यां तुका खंयसून सुचला?" आवाजात राग नसायचा, हे कुठून सुचलं याचं खरंखुरं कुतूहल असायचं. मालवणात आज त्यांचे कितीतरी विद्यार्थी भेटतात. रसायनशास्त्रातलं काय शिकलो ते त्यांना धड आठवत नाही, पण दहावीत आपण कुठे चुकलो होतो ते प्रत्येकजण हसत हसत सांगतो.

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. माझं माहेर, सासर आणि मी शिकवते ती शाळा, सगळं कसालच्या आसपास. समुद्र आम्ही पाहुणे आले की त्यांना दाखवायला नेतो तेवढाच. टीचर मला भेटल्या त्या ओरोसला, जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत, त्या निवृत्त झाल्यानंतर आणि मी चांगली चाळिशीला टेकल्यानंतर. नववी-दहावीच्या रसायनशास्त्राचे ऑनलाइन धडे आणि चाचण्या जिल्ह्यासाठी तयार करायच्या होत्या. शाळेच्या निकालाचा तक्ता मी कॉम्प्युटरवर करते, एवढ्या पुण्याईवर माझी निवड झाली. सुरुवातीला आम्ही बरेच शिक्षक होतो. मग कोणाच्या मुलीचं लग्न निघालं, कोणाचं पाठीचं दुखणं निघालं, आणि शेवटी एका पंख्याच्या खोलीत मी एकटी उरले. आमचे साहेब घाटावरचे, भला माणूस, पण सदा घाईत. त्यांनी एके दिवशी टीचरांना आणून माझ्यासमोर बसवलं आणि "या मार्गदर्शन करतील" असं सांगून ते बैठकीला गेले.

मला मार्गदर्शन नको होतं, मला काम संपवायचं होतं. प्रश्नांचा मी धडाका लावला होता. बरोबर उत्तर एक, चुकीचे पर्याय तीन, पुढचा प्रश्न. टीचरांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं आणि पहिल्याच प्रश्नावर बोट ठेवलं. लोखंड गंजण्यासाठी कशाची गरज असते? पर्यायांत हवा आणि ओलावा होतं, सूर्यप्रकाश होता, नायट्रोजन होता आणि सोनं होतं.

"सोनां म्हणान कोण म्हणतलो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कोणीच म्हणणार नाही, तो चुकीचा पर्याय आहे.

"कोणच म्हणूचो नाय, तर मगे कोणासाठी लिवलंस?"

मला राग आला. पण त्यांचा नियम असा, की चुकीचा पर्याय कोणीतरी खरोखर चुकलेला असला पाहिजे. घरी बसून बनवलेली चूक त्यांना चालत नसे. सोनं खोडून त्यांनी तिथे "मीठ" लिहायला लावलं. मालवणच्या किनाऱ्यावर खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत भुगा होतात, सायकलची साखळी आठवडाभर उभी राहिली की लाल होते, आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, खाऱ्या वाऱ्याने खाल्लं. तिथलं पोर मीठच म्हणणार. मीठ गंजायला मदत करतं, पण मीठ नसलं तरी लोखंड गंजतं, एवढं त्याला कळलं की काम झालं. "आणि मीठ म्हणणारां पोर ढ नाय हां," टीचर मला बजावायच्या. "तेना डोळे उघडे ठेवले आसत. जो सोनां म्हणात, तेची काळजी कर."

मग माझे सगळे प्रश्न पुन्हा उभे राहिले. एकेका पर्यायामागे त्यांच्याकडे एकेक पोर होतं. समुद्राचं पाणी आटून मीठ उरतं, हा रासायनिक बदल, असं म्हणणारा मुलगा आता आखातातल्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. पाणी होतं आणि मीठ झालं, म्हणजे नवीन पदार्थ झाला, असं त्याचं म्हणणं. लाकूड जळून राख हलकी होते, तेव्हा उरलेलं वजन जळून गेलं, असं म्हणणारी मुलगी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या घरातली. ती आता गोव्यात परिचारिका आहे. टीचरांनी हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आपल्या भाच्या-पुतण्यांची लग्नं बायका जशा सांगतात, तशा त्या चुका सांगायच्या. मी थक्क व्हायची. वर्षानुवर्षं मीही वर्गात उभी राहिले होते, माझ्याही समोर पोरं चुकत होती, पण त्यांतली एकही चूक मला आठवत नव्हती.

मूलद्रव्यांबद्दलही त्या अशाच बोलायच्या, वाडीतल्या माणसांबद्दल बोलावं तशा. क्लोरीन हा मेलो उतावळो. सोडियम एकटा राहूच शकत नाही. हेलियम मुंबईकर पाहुण्यासारखा, घरात असून कोणात मिसळत नाही. लग्नाच्या जेवणात कोकम सरबत आलं की पर्समधून खायच्या सोड्याची पुडी काढून त्या चिमूटभर सोडा त्यात टाकायच्या आणि लाल रंग निळसर हिरवट कसा होतो ते शेजारच्या पाहुण्याला दाखवायच्या. आम्ल संपलं की कोकम आपला रंग सोडतं, हे तोवर न विचारलेल्या माणसालाही ऐकावं लागायचं. त्यांच्या शेजारची खुर्ची लग्नात बहुधा रिकामी असायची.

ऊर्ध्वपातनाच्या धड्यात त्यांनी काजूच्या बोंडांची भट्टी घातली, तेव्हा साहेब हादरले. दहावीच्या मुलांना दारूची भट्टी? टीचर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमच्या पोरांनी भट्टी बघलेली आसा. काचेचो कंडेन्सर कोणीच बघूक नाय." साहेबांनी भट्टीला "आंबवलेल्या रसाचे ऊर्ध्वपातन" असं नाव दिलं आणि सही केली. त्या माणसाचं हे मला आवडायचं, वाद हरला तरी तोंड पाडून बसत नसे.

याच सुमाराला टीचरांचा आवाज बसायला लागला. तसा तो घोगराच होता. जन्मभर वर्गात ओरडल्यावर दुसरं काय होणार, असं आम्हीही म्हणायचो आणि त्याही. मग त्या दोन-चारदा गोव्याला जाऊन आल्या, आणि एका दुपारी चहा पिताना, बसची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं की पावसाळ्याआधी शस्त्रक्रिया आहे. स्वरयंत्रच काढून टाकायचं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मी चहाचा कप धरून तशीच बसले. साहेबांचे डोळे भरून आले. टीचर म्हणाल्या, चहा निवतोय.

साहेबांनी त्यांच्या परीने मार्ग काढला. टीचरांचा आवाज मालवण तालुक्यात घरोघर ओळखीचा. तो जायच्या आत सगळे धडे त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यायचे, बाकीचं नंतर. मलाही ते पटलं. टीचरांना पटलं नाही. धडे माझ्याकडून वाचून घ्या म्हणाल्या. त्यांना चुकीच्या पर्यायांमागे बोलायचं होतं. मुलाने चुकीच्या पर्यायावर बोट ठेवलं, की स्क्रीनवर लाल फुली येण्याऐवजी त्यांचा आवाज यावा. प्रत्येक चुकीला वेगळा.

साहेब चक्रावले. टीचर, दिवस किती थोडे आहेत, आणि तुम्ही ते चुकलेल्या उत्तरांवर घालवणार?

"धडो पुस्तकात आसा, तो कोणय वाचीत," टीचर म्हणाल्या. "बरोबर इला तेका माजी गरज नाय. चुकलो तो थंय एकटो बसलेलो असता, साहेब. तेच्या बाजूक जावन कोणीतरी बसाक होया. माका मगे बोलूक येवचां नाय."

साहेबांनी दुसरी अडचण काढली, की हे तरी निदान प्रमाण मराठीत असावं. त्यावर तडजोड झाली. प्रश्न प्रमाण मराठीत, चुकलेल्याची समजूत घरच्या भाषेत. आणि जाता जाता टीचरांनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. प्रत्येक प्रश्नाला पाचवा पर्याय. त्यावर लिहिलेलं असेल, "माका वेगळाच वाटता", आणि खाली मोकळी चौकट, पोराला काय वाटतं ते लिहायला. कॉम्प्युटर असली उत्तरं तपासू शकत नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरला कोण सांगतंय, ती मी वाचणार.

ध्वनिमुद्रण ओरोसच्या खोलीत जमेना. पंख्याची घरघर, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि भिंतींतून घुमणारा आवाज. मग टीचरांनी मला घरी बोलावलं. मालवणच्या पुढे, माडांमध्ये घर, अंगणात ख्रिस्ताचा खुरीस, आणि घरात त्या एकट्या. मागच्या खोलीत नारळाच्या सोडणांचा, सोललेल्या काथ्याच्या सालींचा, छतापर्यंत ढीग होता. सोडणं आवाज पिऊन टाकतात, घुमू देत नाहीत, हे त्यांनी टाळी वाजवून दाखवलं. त्या ढिगाला पाठ लावून त्या बसायच्या, पंखा बंद, खिडकी बंद, मे महिना, आणि आम्ही दोघी घामाने निथळत. रविवारी त्या चर्चमधून, मिसाहून आल्या की काम सुरू, इतर दिवशी माझी कसालची बस पोचली की.

आवाज रोज थोडा कमी होत होता. मला वाटायचं, घोगरेपणा आला की त्या थांबतील, पाणी पितील, पुन्हा म्हणतील. त्याची त्यांना पर्वा नव्हती. त्या थांबायच्या दुसऱ्याच कारणाने. वाक्य चांगलं झालंय असं मला वाटावं आणि त्यांनी हात वर करावा, पुसून टाक. का, तर त्यात वैताग आला होता. "आवाज बसलो तर चलात. वैताग दिसता नये," म्हणायच्या. मला तो वैताग ऐकू यायचा नाही. पुन्हा लावून ऐकलं की मात्र यायचा, सुईच्या टोकाएवढा.

मिठावर बोट ठेवणाऱ्या पोरासाठी त्या काय बोलल्या ते मला तोंडपाठ आहे. "मीठ म्हणालंस ना? माका ठावक होतां. तुज्या घराची खिडकी मी बघलेली आसा. आता माका सांग, फोंड्याक दर्या नाय. थंयचो कोयतो गंजता की नाय?" एवढंच. चूक हा शब्द नाही, बरोबर उत्तर नाही. त्यांचं प्रत्येक बोलणं प्रश्नावर थांबायचं, आणि पोराला पुन्हा पर्यायांकडे जायला लागायचं. मी एकदा विचारलं, बरोबर उत्तर सांगून का नाही टाकत? त्या म्हणाल्या, मग तो माझ्यावर विश्वास ठेवील, आणि मी काही लोखंडाच्या खिळ्याहून मोठी नाही.

एक चूक त्यांनी मागे ठेवली होती. तीव्र आम्लात पाणी ओतणाऱ्याची. आम्ल पाण्यात सावकाश ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, नाहीतर ते उसळून अंगावर उडतं, हे आम्ही सगळेच शिकवतो. ते बोलायची वेळ आली तेव्हा त्यांचा आवाज कुजबुजीवर आला होता. कोमट पाणी झालं, मध झाला. मी म्हटलं, टीचर, हे मी बोलते. त्यांनी मान हलवली. ही एकच चूक अशी होती जिथे शेजारी बसायला वेळ नसतो. त्या उठून उभ्या राहिल्या, सोडणांच्या ढिगावर एक हात टेकवला आणि ओरडल्या, "थांब! हात मागे घी!" पुढे प्रश्न नव्हता. फाटलेला, भेसूर आवाज. मी हेडफोन काढून ठेवला. माझा हात खरंच मागे गेला होता.

त्या खाली बसल्या, घाम पुसला, घड्याळाकडे पाहिलं. "बस चुकात तुजी. जा," म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. शाळा सुरू झाल्यावर चाचण्याही सुरू झाल्या. आणि दिवाळीच्या आधी साहेबांनी मला तातडीने बोलावून घेतलं. आकडे भलतेच आले होते. जिल्ह्यातली पोरं पहिल्या फटक्यात चुकत होती, आणि दिवसेंदिवस जास्त चुकत होती. हुशार पोरंही. एकेक पोर तिन्ही चुकीच्या पर्यायांवर क्रमाने जायचं आणि मगच बरोबर उत्तर द्यायचं. वर काय सांगायचं, साहेब डोकं धरून बसले होते. मी दुसऱ्या दिवशी माझ्याच शाळेच्या संगणक कक्षात मागे उभी राहिले. एका मुलीला बरोबर उत्तर येत होतं, मला माहीत होतं, सकाळीच तिने वर्गात दिलं होतं. तिने आधी मीठ दाबलं. का गं, मी विचारलं. ती म्हणाली, "टीचर काय म्हणतत तां आयकाक."

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडून हेडफोन मागून घेतला आणि दार लोटून बसले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा म्हणाले, की आपल्याला शाळेत असं कोणी भेटलं नव्हतं, आकड्यांचं मी बघतो. पुढे त्यांनी ते कसं बघितलं मला ठाऊक नाही, पण चाचण्यांतून टीचरांचा आवाज कोणी काढून टाकला नाही.

टीचरांना ही गंमत सांगायला मी मालवणला गेले. गळ्याला पातळ सुती रुमाल, त्यामागे श्वासासाठी छिद्र. त्या हसल्या, म्हणजे खांदे गदगदले आणि रुमाल वाऱ्याने हलावा तसा हलला. आवाज काहीच नाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्यांनी फोन उचलला आणि त्यावर लिहून दाखवलं, "रडतंस कित्याक? पाचवो पर्याय दाखय."

पाचव्या पर्यायात बहुतेक कचरा यायचा. आवडत्या फलंदाजाचं नाव, "भूक लागली", "सर झोपले आहेत". टीचर ते सगळं वाचायच्या, एकही ओळ सोडायच्या नाहीत. अधूनमधून त्यातून एखादी जुनीच चूक नव्या शब्दांत निघायची, आणि तिचा आवाज आमच्याकडे आधीच असायचा. मग डिसेंबरात एक उत्तर आलं. फोंडाघाटाकडच्या एका शाळेतली नववीतली मुलगी. प्रश्न गंजण्याचाच. तिने लिहिलं होतं, "गंज म्हणजे लोखंडावर बसलेली आपली माती. आपली माती तांबडी म्हणून गंज तांबडा. घाटावर माती काळी आहे, तिथे गंज काळा असणार."

टीचर उठून फेऱ्या मारायला लागल्या. स्क्रीनपाशी येऊन पुन्हा वाचलं, पुन्हा गेल्या. मग फोनवर लिहिलं, "ही चूक माका उभ्या जन्मात गावली नाय." त्या सगळा जन्म किनाऱ्यावर शिकवत होत्या, पांढऱ्या वाळूत. तांबड्या धुळीतल्या पोरांच्या चुका त्यांना कधी भेटल्याच नव्हत्या. मी त्या धुळीतली. उन्हाळ्यात आमच्याकडे गुरांच्या पाठी तांबड्या होतात, धुतलेले कपडे तांबडे होतात, कुंपणाचा पत्रा तांबडा होतो, आणि तो पत्रा धुळीने तांबडा की गंजाने, हे मीही कधी नखाने खरवडून पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा लिहिलं, "ही तुज्या बाजूची चूक. तू बोल."

मी बसल्या बसल्या उत्तर लिहून काढलं. आपल्या मातीत गंजातलंच लोहाचं ऑक्साइड आहे, म्हणून ती तांबडी, वगैरे. मी त्यावर खूश होते. टीचरांनी वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला, "काळ्या मातीतलो गंज तू बघलंस?"

मी म्हटलं, टीचर, ते सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी स्क्रीनवरच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. बघलंस?

कोल्हापूरला मी लहानपणापासून जाते. अंबाबाईचं दर्शन, भेळ, चपला. गंज बघायला कोण जातं? साहेब म्हणाले, इंटरनेटवर फोटो मिळतील. टीचरांनी हात जोडले, म्हणजे विषय संपला. आणि नुकत्या बऱ्या झालेल्या, गळ्याला भोक असलेल्या, धुळीत फिरू नका असं डॉक्टरांनी बजावलेल्या त्या बाई, रुमालावर दुसरा रुमाल बांधून माझ्याबरोबर एसटीत बसल्या. फोंड्याचा घाट चढलो तरी माती तांबडीच. टीचर खिडकीशी, नाक काचेला लावून. राधानगरी गेलं. कोल्हापूरला बस बदलली, आणि पुढे गेल्यावर उसाच्या मधल्या एका नांगरट केलेल्या रानात माती काळी दिसली. त्यांनी कंडक्टरचा दंड धरून बस थांबवली.

बांधावर जुन्या पंपाचा एक पाईप पडला होता, अर्धा मातीत रुतलेला. टीचर पातळ सावरून त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या. काळी कुळकुळीत माती आणि तिच्यात तो पाईप, लालबुंद. त्यांनी नखाने गंज खरवडून एका तळहातावर घेतला, दुसऱ्यावर चिमूटभर माती, आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. चेहऱ्यावर असा आनंद की कोणाला वाटावं, गंज काळा नसतो हे जगात आज पहिल्यांदा कळलं. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मलाही ते आजच कळलं होतं. रानाचा मालक लांबून बघत होता. तो जवळ आला आणि मला म्हणाला, "भंगार घ्यायचं हाय व्हय, बाई?"

तिथेच उभी राहून मी माझ्या फोनवर ध्वनिमुद्रण लावलं आणि बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा टीचरांनी पाईपवर बोटाच्या पेराने टकटक केलं, पुसून टाक. फोनवर लिहिलं, "तू तिका शिकयतंस." दुसऱ्यांदा मी आवाज मऊ केला. टकटक. "आता गोंजारतंस." मला वैताग आला. ऊन चढलं होतं, तो शेतकरी हसत उभा होता, आणि मी, इतकी वर्षं शिकवलेली बाई, एका वाक्याची परीक्षा देत होते. मी खाली वाकून पुन्हा पाईपकडे पाहिलं. ती पोरगी इथे असती तर काय म्हणाली असती? ती काही म्हणाली नसती, बघत बसली असती. तेव्हा मी जे दिसत होतं तेच सांगितलं. "बाय, मी काळ्या मातयेत उभी आसंय. हयसर एक पाईप पडलेलो आसा. तेच्यार गंज तांबडोच आसा, तुज्या दारातल्यासारको. आता तूच माका सांग, तो तांबडो खंयसून इलो?" टकटक झालं नाही. मागे वारा होता, उसाची सळसळ होती, ते सगळं त्या ध्वनिमुद्रणात राहिलं.

फोटोसकट ते आम्ही त्या मुलीच्या खात्यावर चढवलं. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी काही नाही. मी मनातून म्हटलं, पोर विसरलं. टीचर ओरोसला येऊन बसायच्या आणि दर थोड्या वेळाने मला ती चौकट उघडायला लावायच्या. मग एका सकाळी तिचं उत्तर आलेलं दिसलं. एकच ओळ होती. मी स्क्रीन टीचरांकडे वळवला.

"मग आपली मातीच गंजलेली आसा काय?"

टीचरांनी ते वाचलं आणि त्या विसरल्या. आपल्याला आवाज नाही हे साफ विसरल्या. ताडकन उठल्या, हात पुढे केला, तोंड उघडलं, ओठ हलले, आणि गळ्याजवळच्या रुमालातून नुसता वारा आला. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली आणि माईककडे बोट दाखवलं.

मी माईक जवळ ओढला. "होय गो बाय," मी म्हटलं. "आपली माती गंजलेली आसा."